‘एका सेंटात तीन खुराक’ : अश्वखाद्याच्या एका मोठ्या व्यापाराची हकिकत

दावणीतील जनावरास रोजच्या वैरणीखेरीज काही वरकड द्यावे, ही इच्छा जनावर पाळणाऱ्याच्या ठायी फार जुनी आहे. बैल कामाला मंदावला, घोड्याची कातडी राठ दिसू लागली किंवा म्हैस वेळेआधी आटली, की धन्याचे लक्ष प्रथम एखाद्या चूर्णाकडे, मसाल्याकडे अथवा काढ्याकडे जाते. वैरणीत काय उणे आहे हा प्रश्न मागाहून उभा राहतो. मनुष्याच्या या स्वभावावर जगात पुष्कळ व्यापार उभे राहिले. त्यांपैकी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहरी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात वाढलेल्या एका कंपनीची हकिकत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व जनावरे बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. त्या काळी तेथे विकल्या जाणाऱ्या चूर्णांत जे जिन्नस पडत, त्यांतील बरेचसे महाराष्ट्रातील कोणत्याही स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यात सापडतात, हे तर तिचे एक कारण आहेच; पण ते चूर्ण कसे खपले आणि त्याची कसोटी कोणी व कशी घेतली, हा भाग त्याहून अधिक बोधप्रद आहे.

कंपनीचा उदय

मॅरियन विलिस सॅव्हेज हा गृहस्थ १८५९ साली ओहायो राज्यात जन्मला. तरुणपणी आयोवा राज्यात त्याने औषधांच्या दुकानात काम केले, शेतीही करून पाहिली. ती त्यास साधली नाही. पुढे मिनियापोलिस येथे येऊन त्याने ‘इंटरनॅशनल स्टॉक फूड कंपनी’ या नावाने जनावरांकरिता पूरक चूर्ण विकण्याचा उद्योग आरंभिला. काळ अनुकूल होता. त्या देशातील नांगर, पेरणीची व कापणीची यंत्रे, शहरांतील मालाच्या व दुधाच्या गाड्या घोड्यांच्या बळावर चालत. घोडे व खेचरे यांची संख्या वाढतच होती आणि १९१५ च्या सुमारास ती अडीच कोटींच्या पुढे गेली. नांगरणीच्या ऐन हंगामात जोडीतील एक घोडा बसला तर किती नुकसान होते, हे बैलावर शेती करणाऱ्यास समजावून सांगावयास नको. पशुवैद्य थोडे आणि तेही दूर. अशा स्थितीत डब्यात भरलेले, गावच्या दुकानात मिळणारे आणि चमचाभर दाण्यात मिसळले की काम झाले असे सांगणारे चूर्ण शेतकऱ्यास हवेसे वाटले, यात नवल नाही.

या चूर्णात औषधी मुळे, वनस्पती, बिया व साली यांची पूड असून तिच्या योगाने पचन सुधारते, दाणा कमी लागतो आणि जनावर सतेज होते, असा कंपनीचा दावा होता. घोडे, गाई, मेंढ्या, डुकरे या सर्वांना तेच चूर्ण चाले. त्याच्या जोडीला कोंबड्यांचे खाद्य, उवा मारण्याची पूड, पोटशूळावरील औषध अशा अनेक वस्तू कंपनीने बाजारात आणल्या. या साऱ्यांवर एक ब्रीदवाक्य झळकत असे : ‘एका सेंटात तीन खुराक’.

हे वाक्य मोठे हुशारीचे आहे. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. एका घोड्यास एका वेळी सेंटाचा तिसरा हिस्सा, एवढ्याने कोणाचे दिवाळे निघणार? परंतु हिशेब उलट बाजूने मांडून पाहावा. चूर्णाचा भाव पौंडाला १२ सेंट धरला, तर एका पौंडात ३६ खुराक होतात. म्हणजे एक खुराक साधारण साडेबारा ग्रॅमचा. काम करणाऱ्या घोड्यास दिवसाला चार-पाच किलो चंदी आणि त्याहून अधिक गवत लागते. त्यात एक-दोन चमचे भर टाकून दाणा वाचेल, म्हणजेच त्या चमच्यांतून दाण्याची भरपाई होईल, ही गोष्ट पोषणाच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. चूर्णाने काही गुण यावयाचा असेल तर तो औषध म्हणून यावा. अन्न म्हणून नव्हे. तथापि नावात मात्र ‘फूड’ म्हणजे खाद्य हाच शब्द होता.

जाहिरातीचे तंत्र

कंपनीची खरी वाढ कारखान्यात झाली नाही, टपालात झाली. शेतीविषयक वर्तमानपत्रांतून तिच्या मोठमोठ्या जाहिराती येत. जनावरांच्या रोगांविषयी सचित्र पुस्तक फुकट, घोड्याचे रंगीत चित्र फुकट, टपालखर्चही कंपनीचा. अट इतकीच, की मागणी करणाऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : ही जाहिरात कोणत्या पत्रात पाहिली, आणि घरी जनावरे किती आहेत. या दोन प्रश्नांत सॅव्हेजचे सारे व्यापारी चातुर्य साठविलेले आहे. पहिल्याच्या उत्तराने कोणत्या पत्रावर केलेला खर्च फळाला येतो ते कळे, आणि दुसऱ्याच्या उत्तराने देशभरातील जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांची नावनिशीवार यादी आपोआप तयार होई. शेतकऱ्यास चित्र मिळे, कंपनीस शेतकरी मिळे.

मिसिसिपी नदीच्या काठी १८८६ साली औद्योगिक प्रदर्शनासाठी बांधलेली एक प्रचंड इमारत मिनियापोलिस शहरात होती. १८९२ साली अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन याच वास्तूत भरले होते. ती इमारत पुढे या कंपनीची झाली. जगातील सर्वांत मोठा पशुखाद्याचा कारखाना तो आपलाच, आणि भरलेले भांडवल वीस लाख डॉलर, असे कंपनी आपल्या जाहिरातींत अभिमानाने छापू लागली.

डॅन पॅच

या व्यापाराला खरा वेग आला तो एका घोड्यामुळे. इंडियाना राज्यातील ऑक्सफर्ड या गावी १८९६ साली एका दुकानदाराच्या तबेल्यात जन्मलेले हे शिंगरू पायांनी इतके वाकडे होते, की आईला पिण्यासाठी त्यास धरून उभे करावे लागे. मोठेपणी तेच ‘डॅन पॅच’ या नावाने सर्व देशात गाजले. हा घोडा पाठीवर स्वार घेऊन दौडणारा नव्हता. दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपलेला, एका बाजूचे पुढचे व मागचे पाय एकदम उचलून टाकीत जाणाऱ्या चालीचा तो घोडा होता. अशा गाडीच्या शर्यती तेथील शेतकऱ्यांना फार प्रिय. कारण जत्रेला यावयाचे ते ज्या गाडीतून, तिचेच हे धावते रूप.

डॅन पॅच कोणतीही शर्यत हरला नाही. १९०२ च्या डिसेंबरात सॅव्हेजने तो साठ हजार डॉलरना विकत घेतला. त्यापूर्वीचा सौदा वीस हजारांचा होता. एका घोड्यासाठी एवढी रक्कम, हे ऐकून लोकांनी सॅव्हेजला वेड्यात काढले असल्यास नवल नाही. पण तो घोडा विकत घेत नव्हता, जाहिरात विकत घेत होता. इतर घोड्यांशी शर्यत लावण्याऐवजी आता डॅन पॅच घड्याळाशी शर्यत करू लागला. राज्याराज्यांच्या कृषिप्रदर्शनांत तो आपल्या स्वतंत्र रेल्वेडब्यातून जाई आणि हजारो लोक त्यास पाहावयास लोटत. १९०५ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे त्याने एक मैल अंतर १ मिनिट ५५¼ सेकंदांत तोडले. हा अधिकृत विक्रम १९३८ पर्यंत टिकला. ८ सप्टेंबर १९०६ रोजी मिनेसोटाच्या राज्य प्रदर्शनात तो बरोबर १ मिनिट ५५ सेकंदांत धावला. परंतु त्याच्या पुढे वारा व धूळ अडविणारा पडदा लावलेली दुसरी गाडी पळत होती, म्हणून शर्यतींच्या मंडळाने तो विक्रम मान्य केला नाही. सॅव्हेजने तो मान्य केला, आणि पुढे कंपनीच्या प्रत्येक जाहिरातीत १:५५ हाच आकडा मिरविला गेला.

त्याच जाहिरातींत असेही सांगितलेले असे, की कंपनीने विकत घेतल्यापासून डॅन पॅच आपल्या दाण्यात रोज हेच चूर्ण खात आहे. वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही वाक्ये जुळत आणि निष्कर्ष तो स्वतःच काढी. येथे एक दिनांक ध्यानात घ्यावयास हवा. दोन मिनिटांच्या आत मैल धावण्याचा पराक्रम डॅन पॅचने १९०२ च्या उन्हाळी हंगामातच केला होता. सॅव्हेजने त्यास घेतले ते त्याच वर्षी डिसेंबरात. घोडा चूर्णामुळे नामांकित झाला नाही. घोड्यामुळे चूर्ण नामांकित झाले.

मिनेसोटा नदीकाठी हॅमिल्टन या लहान गावाजवळ सॅव्हेजने आपल्या घोड्यांसाठी क्षेत्र घेतले. तेथील तबेल्याच्या मध्यभागी कांद्याच्या आकाराचा घुमट होता; तो पाहून लोक त्या तबेल्याला ‘ताजमहाल’ म्हणत. घोड्यांना कडक हिवाळ्यातही सराव करता यावा म्हणून छपराखाली धावपट्टी बांधली होती. १९०४ साली गावाने हॅमिल्टन हे आपले नाव सोडून ‘सॅव्हेज’ हे नाव घेतले, आणि आजही ते त्याच नावाने ओळखले जाते. डॅन पॅचच्या नावाने तंबाखू, कपडे धुण्याची यंत्रे, मुलांची खेळणी अशा वस्तूही विकल्या गेल्या. सॅव्हेजने मिनियापोलिसहून दक्षिणेस जाणारा एक लोहमार्ग काढला. त्यालाही लोक ‘डॅन पॅच मार्ग’च म्हणत.

कसोटी

चूर्णांचा हा व्यापार एकट्या सॅव्हेजचा नव्हता. अमेरिकेत या जातीची अनेक चूर्णे निरनिराळ्या नावांनी विकली जात होती, आणि इंग्लंडात तर त्यांचा बाजार त्याआधी पन्नास वर्षे तेजीत होता. तेथील रॉदमस्टेड येथे १८४३ पासून शेतीचे प्रयोग करणाऱ्या जॉन बेनेट लॉज यांनी १८६० च्या सुमारास अशा मसालेदार पशुखाद्यांचा प्रत्यक्ष प्रयोग केला. खाद्य तोलून, जनावरे तोलून त्यांनी हिशेब मांडला. जनावरे या मसाल्यामुळे अधिक वाढली नाहीत, खर्च मात्र वाढला, असे त्यांस आढळून आले. आणि आपल्या शेतावरील प्रत्येक घोड्यास, बैलास, मेंढीस ही महाग खाद्ये रोज दिल्याने वर्षअखेरीचा ताळेबंद सुधारेल असे मानण्यास आपणांस याहून पुष्कळ भक्कम पुरावा लागेल, अशा आशयाचे मत त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. लॉज स्वतः खताचे कारखानदार होते, व्यापाराचे वैरी नव्हते. त्यामुळे त्यांच्या या मताला अधिकच वजन आहे.

अमेरिकेत १८८७ च्या हॅच कायद्याने राज्याराज्यांत कृषिप्रयोगकेंद्रे स्थापन झाली होती. १९०० च्या मागेपुढे अनेक केंद्रांनी बाजारातून या चूर्णांचे डबे विकत आणून त्यांचे पृथक्करण केले. चांगल्या प्रतीच्या चूर्णांत अळशीची पेंड किंवा गव्हाचा भुसा हा मुख्य भाग असे. हलक्या प्रतीच्या चूर्णांत धान्याची चाळण, गिरणीतील निकृष्ट कोंडा, झाडांच्या सालींची पूड. त्यात थोडेथोडे मीठ, लोणारी कोळसा, हिराकस, मेथी, मिरी, सुंठ, एप्सम मीठ आणि जेन्शन नावाचे कडू मूळ. जेन्शन हे किराइताच्याच कुळातील आहे. रंग यावा म्हणून हळद. डबा उघडताच जो सुवास येई तो मुख्यतः मेथीचा. ज्या भुशाचा भाव पौंडाला सुमारे एक सेंट, तोच भुसा या रूपाने दहापासून तीस सेंटांपर्यंत विकला जाई. दोन हजार पौंडांच्या टनाला वीस डॉलर आणि दोनशे ते सहाशे डॉलर, असा हा फरक होता.

मेथी, सुंठ, किराईत हे जिन्नस अगदीच निरुपयोगी आहेत असे नाही. कडू व तिखट जिन्नसांनी लाळ सुटते, रुची येते, आणि दाणा सोडलेले जनावर कधीकधी तोंड लावते, हे खरेच आहे. म्हणूनच विस्कॉन्सिनचे प्राध्यापक हेन्री यांच्या पशुपोषणावरील ग्रंथात अशा चूर्णांची घरच्या घरी करण्याजोगी पाककृतीही दिली गेली. आक्षेप होता तो निरोगी जनावरास बारमाही मसाला चारण्याला आणि त्याच्या किमतीला.

विकत घेणाऱ्यांना गुण का दिसला?

तरीही लक्षावधी शेतकऱ्यांनी ही चूर्णे घेतली, पुनःपुन्हा घेतली, आणि त्यांतील पुष्कळांनी आपल्या जनावरास गुण आला असे मनोभावे लिहून कळविले. ते सारे भोळे होते असे म्हणून चालणार नाही. ज्या दिवशी चूर्णाचा डबा घरात आला त्या दिवसापासून धनी दाणा मापून देऊ लागला, वेळेवर देऊ लागला. चूर्ण मिसळावयाचे म्हणून तो रोज स्वतः तबेल्यात जाऊ लागला. फुकट आलेले पुस्तक वाचून खरारा व पाणी यांकडे लक्ष गेले. हिवाळा संपून हिरवे गवत आले. खंगलेले जनावर बहुधा काही काळाने आपोआपच सुधारते, आणि चूर्ण आणले जाते ते जनावर अगदी खंगले असतानाच. या सर्वांचे श्रेय एका डब्याकडे गेले. शेजारच्या गव्हाणीत, तेवढ्याच वयाचे, तेवढ्याच वजनाचे आणि तोच दाणा खाणारे पण चूर्ण न मिळालेले दुसरे जनावर उभे नव्हते, ही एकच उणीव होती. आणि प्रयोगकेंद्रांनी नेमकी तीच भरून काढली.

ही रीत कोणत्याही गावात अमलात आणता येते. नवे चूर्ण विकावयास आले असता कार्यकर्त्याने एका धन्याची शक्यतो एकाच वेताच्या आणि एकाच सुमारास व्यालेल्या सहा-आठ दुभत्या जनावरांची चिठ्ठ्या टाकून दोन वाटण्यांत विभागणी करावी. धन्याला निवडू देऊ नये. तो नकळत चांगली जनावरे चूर्णाच्या बाजूस घालतो. वैरण, पेंड, पाणी दोघींस सारखे. दूध रोज मापून लिहावे. सहा आठवड्यांनी चूर्णाची अदलाबदल करावी, म्हणजे एक वाटणी मुळातच सरस होती काय हेही उघडे पडते. शेवटी दुधाचा वाढावा आणि चूर्णाची किंमत समोरासमोर मांडावी. ओढकामाच्या वा वाढत्या जनावरांत छातीचा घेर फितीने मोजून वजनाचा अंदाज घेता येतो. कागद, फीत व माप यांपलीकडे या प्रयोगाला काही लागत नाही. मात्र तो मध्येच सोडला तर केला नाही असेच समजावे.

प्रयोगकेंद्रांचे निष्कर्ष छापले गेले, तरी ते शेतकऱ्याच्या हाती पडणे ही निराळी गोष्ट होती. कंपनीचे रंगीत चित्र भिंतीवर टांगलेले असे. केंद्राची पुस्तिका कपाटात असे. अनेक राज्यांनी पशुखाद्यावर घटकांचे प्रमाण छापण्याची सक्ती करणारे कायदे केले. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यात जनावरांचे अन्नही अंतर्भूत झाले. आणि १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायद्याने गावोगाव फिरणारी कृषिविस्तार सेवा स्थापन झाली. भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याची जी कल्पना होती, तिच्यापुढे जे नमुने होते त्यांत ही सेवाही होती.

डॅन पॅच ११ जुलै १९१६ रोजी मरण पावला. दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, सॅव्हेजही वारला. त्यानंतर मोटारी व ट्रॅक्टर आले, घोड्यांची संख्या उतरणीस लागली, आणि ज्या पशूच्या नावावर हा व्यापार वाढला तोच शेतावरून नाहीसा होत गेला.

पूरक खाद्याची दुसरी बाजू

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल, की पूरक खाद्य म्हणजे निव्वळ फसवणूक. तो समज तितकाच चुकीचा ठरेल. गंमत अशी, की चूर्णे निष्फळ ठरविली जात होती त्याच वर्षांत, अन्नात दिसत नसलेले काहीतरी असते ही गोष्ट सिद्ध होऊ लागली होती. १९०७ साली विस्कॉन्सिन येथे १६ कालवडींचे चार गट करून एकास केवळ मक्याचे, दुसऱ्यास गव्हाचे, तिसऱ्यास ओट धान्याचे आणि चौथ्यास तिन्हींचे मिश्र खाद्य देण्यात आले. रसायनशाळेच्या हिशेबाने चारही खाद्ये समतोल होती. मक्यावरील कालवडी मात्र धष्टपुष्ट राहिल्या आणि गव्हावरील खुरटल्या; त्यांची वासरे जगली नाहीत. तराजूत न सापडणाऱ्या त्या ‘काहीतरी’चा शोध पुढे जीवनसत्त्वांपर्यंत गेला.

दक्षिण आफ्रिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गुरे कुजकी हाडे चघळीत आणि त्यातील विषाने लुळी पडून मरत. आर्नल्ड थाइलर यांनी दाखवून दिले, की तेथील जमिनीत व म्हणून गवतात स्फुरद कमी असल्यामुळे गुरांना हाडांची ही ओढ लागते. हाडांची भुकटी दिल्यावर चघळणे थांबले आणि रोगही हटला. महाराष्ट्रातही उन्हाळ्यात हाडे, चिंध्या, माती चघळणारी गुरे दिसतात. ते दृश्य या शोधाशी ताडून पाहावे. (वेड्या गाईच्या रोगाची साथ इंग्लंडात झाल्यापासून रवंथ करणाऱ्या जनावरांस हाडांची भुकटी देणे सोडून द्यावे असा सर्वमान्य सल्ला आहे, तिची जागा डायकॅल्शियम फॉस्फेटने घेतली.) ऑस्ट्रेलियात हिरव्यागार कुरणावर मेंढ्या खंगून मरत. १९३५ च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनी त्याचे कारण कोबाल्ट या धातूचा अभाव हे असल्याचे सिद्ध केले. दिवसाला मिलिग्रॅमच्या अंशाइतका कोबाल्ट मिळताच मेंढ्या उठून चरू लागल्या.

सॅव्हेजच्या चमचाभर चूर्णाने जे साधले नाही ते येथे चिमटीहून कमी वस्तूने साधले. फरक एवढाच, की येथे आधी उणीव शोधली गेली आणि मग पुडी बांधली गेली.

उलटपक्षी, चिमटीत गुण असतो तेव्हा चिमटीत विषही असते. सेलेनियम हा स्नायूंच्या आरोग्यास आवश्यक असा घटक आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील वेलिंग्टन येथे पोलोच्या सामन्यांसाठी आणलेल्या २१ घोड्यांना, मुद्दाम सिद्ध करवून घेतलेले जीवनसत्त्वे व क्षारांचे एक पूरक औषध टोचण्यात आले. त्यात सेलेनियमची मात्रा योजलेल्यापेक्षा कित्येक पट पडली होती. सर्वच्या सर्व २१ घोडे थोड्या अवधीत दगावले.

आज घोडे, कुत्री व मांजरे यांच्या पूरक खाद्यांचा व्यापार सॅव्हेजच्या कल्पनेपलीकडे वाढला आहे. सांध्यांसाठी, केसांसाठी, शांत राहण्यासाठी अशी निरनिराळी द्रव्ये पुड्यांतून, वड्यांतून मिळतात. अमेरिकेत माणसांच्या पूरक द्रव्यांसाठी १९९४ साली झालेला सैल कायदा जनावरांना लागू नाही असे तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली जाहीर केले. त्यानंतर २००१ मध्ये या धंद्यातील उत्पादकांनी आपली स्वतःची परिषद स्थापून प्रतीचे नियम घालून घेतले. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पिलास ‘हाडे भक्कम व्हावीत’ म्हणून वरून कॅल्शियम देण्याची चाल शहरांत आहे. समतोल आहार मिळत असता असे केल्याने त्याची हाडे उलट वेडीवाकडी वाढण्याचा संभव असतो. माणसांसाठी केलेल्या गोड वड्यांत झायलिटॉल नावाची साखर असल्यास ती कुत्र्याच्या जिवावर बेतते.

घोड्याच्या धन्याने जाणावयाच्या गोष्टी

सारंगखेड्याच्या व माळेगावच्या यात्रेत घोडे घेणाऱ्या, टांग्यासाठी, वरातीसाठी वा हौसेखातर घोडा बाळगणाऱ्या बंधूंनी दोन बाबी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

पहिली भुशाविषयी. गव्हाच्या भुशात स्फुरद शेकडा एकाच्या आसपास असते, तर कॅल्शियम त्याच्या दशांशाइतकेच. घोड्याच्या एकूण खाद्यात कॅल्शियम स्फुरदाहून अधिक, साधारण दीडपट ते दुप्पट असावयास हवे. नुसत्या भुशावर ठेवलेला घोडा ही तूट आपल्या हाडांतून भरून काढतो. हाडे पोकळ होतात, चेहरा सुजल्यासारखा फुगतो, चाल लंगडी होते. युरोपात गिरणीवाल्यांच्या घोड्यांस हा विकार होई म्हणून त्यास गिरणीवाल्याचा रोग म्हणत. त्यावर मसाला चालत नाही. भुसा कमी करून लसूणघास द्यावा. लसूणघासात कॅल्शियम विपुल असते.

दुसरी बाब गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्याविषयी. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन हे द्रव्य मिसळलेले असते. गुरांना ते मानवते. घोड्याच्या हृदयाला ते थोड्या प्रमाणातही घातक ठरते. गोठा व तबेला एकाच छपराखाली असेल तर पोती वेगळी ठेवावीत, घमेली व तोबरेही वेगळे ठेवावेत, आणि गव्हाणीतील उरलेली पेंड घोड्यापुढे कधीही ढकलू नये.

गाई-म्हशींच्या बाबतीत क्षार मिश्रण ही वस्तू खरोखर उपयोगी आहे, कारण कडबा व वाळलेले गवत यांत क्षारांची तूट असते हे वारंवार आढळले आहे. मिश्रण घेताना पोत्यावर भारतीय मानक १६६४ चा उल्लेख, कॅल्शियम व स्फुरदाचे शेकडा प्रमाण, तांबे, जस्त, कोबाल्ट, आयोडीन यांची नावे व प्रमाणे आणि तयार केल्याचा महिना छापलेला आहे की नाही ते पाहावे. प्रमाणे न छापता केवळ घोड्याचे वा म्हशीचे सुरेख चित्र छापले असल्यास ते पोते दुकानातच राहू द्यावे. मोठ्या जनावरास रोज ३० ते ५० ग्रॅम मिश्रण आंबोणात मिसळून द्यावे. अधिक दूध देणाऱ्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने मात्रा वाढवावी. खाण्याचे मीठ मिश्रणात नसेल तर २५ ते ३० ग्रॅम वेगळे घालावे. पोते उघडल्यावर तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवावे. ओल लागून गोळा झालेले मिश्रण जनावरांच्या वाट्याला सारख्या प्रमाणात येत नाही.